रिपोर्टमध्ये ‘एस’, तरी ताप परत का येतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंवर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून येते आणि ते यायलाच हवे. त्यातला एक कोपरा मात्र सहसा अंधारातच राहतो. लघवीची नळी, मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी म्हणजे सेंट्रल लाइन, बदललेला गुडघा किंवा खुबा, पेसमेकरची तार अशा शरीरात ठेवलेल्या वस्तूंवर संसर्ग होतो, तेव्हा कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट कित्येकदा अगदी चांगला असतो. अमुक औषधापुढे ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह. तेच औषध पूर्ण मात्रेत दिले जाते, दोन दिवसांत ताप उतरतो आणि औषध थांबले की आठ-दहा दिवसांत परत चढतो. पुन्हा कल्चर केले तर जंतू तोच, आणि रिपोर्टही पुन्हा ‘एस’. नातेवाइकांना वाटते औषध बनावट असावे, डॉक्टर त्याहून ‘वरचे’ औषध लिहितात, आणि नळी जिथल्या तिथे राहते.

हा ‘एस’ येतो कुठून, ते आधी पाहू. प्रयोगशाळेत जंतू पोषक द्रवात सोडतात, एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ लाख. त्यात औषधाच्या चढत्या मात्रा घालतात, ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवतात आणि द्रव कुठल्या मात्रेपासून स्वच्छ राहिला ते बघतात. जी सर्वांत कमी मात्रा जंतूला वाढू देत नाही ती त्याची एमआयसी. नेहमीच्या डोसने एवढी पातळी शरीरात गाठता येत असेल तर ‘एस’ लिहितात. चाचणी खोटी नाही. सुटा, तरंगणारा, भरल्या पोटाचा, झपाट्याने दुप्पट होणारा जंतू काय करील ते ती नेमके सांगते. नळीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या जंतूला मात्र तिने काही विचारलेलेच नसते.

नळी शरीरात गेल्यावर काही मिनिटांतच तिच्यावर रक्तातली किंवा लघवीतली प्रथिने बसतात. रक्तात असेल तर फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन वगैरे. स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूंकडे याच प्रथिनांना पकडणारे आकडे असतात. जंतू चिकटतो, वाढतो आणि स्वतःभोवती शर्करांचा, प्रथिनांचा आणि मेलेल्या भाऊबंदांच्या डीएनएचा पाणीदार चिकटा सोडतो. हा बायोफिल्म, मराठीत जैवपटल. नाव नवे असले तरी वस्तू रोजच्या ओळखीची आहे: दातावरचे कीटण हे जैवपटलच. सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहणाऱ्या लेव्हेनहूकने १६८० च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले होते की व्हिनेगरने दात धुतले तर कीटणाच्या बाहेरच्या बाजूचे ‘छोटे प्राणी’ तेवढे मरतात, आतल्यांपर्यंत ते पोचत नाही. साडेतीनशे वर्षे होत आली, आणि दातांसाठी आपण आजही औषधावर भिस्त न ठेवता ब्रशच वापरतो.

आतले का वाचतात, याचे लोकप्रिय उत्तर ‘औषध त्या भिंतीतून आत शिरत नाही’ असे आहे. ते अर्धेच खरे. जेंटामायसिनसारखी धनभाराची औषधे डीएनए आणि ऋणभारी शर्करांना चिकटून वाटेत अडकतात, हे बरोबर. पण रिफॅम्पिसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन बऱ्यापैकी तळापर्यंत जाते. खरी अडचण तळाला बसलेल्या जंतूंच्या स्थितीत आहे. वरच्या थरांनी प्राणवायू आणि अन्न संपवलेले असते, त्यामुळे तळचे जंतू जवळजवळ झोपलेले असतात. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे पेशीभित्ती बांधताना मोडता घालतात; जो बांधकामच करत नाही त्याला त्यांची भीती नाही. जेंटामायसिन पेशीच्या आत ओढले जाण्यासाठी जंतूचा श्वसनव्यवहार चालू असावा लागतो. प्राणवायूच नसेल तर ते दाराबाहेरच राहते.

शिवाय प्रत्येक वस्तीत काही चिवट पेशी असतात, ज्यांना पर्सिस्टर म्हणतात. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच दाखवले होते की पेनिसिलिनमध्ये ठेवलेल्या स्टॅफिलोकॉकसपैकी दहा लाखांत एखादा वाचतो, आणि त्याची पुढची पिढी वाढवली तर ती पेनिसिलिनला पहिल्याइतकीच बळी पडते. वाचलेल्याचे जनुक बदललेले नसते, तो फक्त झोपेत निसटलेला असतो. दुसऱ्या वेळीही रिपोर्ट ‘एस’च का येतो, याचे उत्तर यात आहे. याला प्रतिरोध म्हणू नये. सहनशीलता हा शब्द जास्त बरोबर. अर्थात दोन्हींचा संबंध आहेच. एवढ्या दाटीत जंतू एकमेकांना प्लाझ्मिड, म्हणजे प्रतिरोधाची जनुके वाहणारी डीएनएची छोटी वर्तुळे, सहज देतात, आणि अर्धवट पोचणाऱ्या औषधात आठवडेच्या आठवडे काढताना त्यांतला एखादा खराखुरा प्रतिरोधक होतो. तोवर रुग्णाच्या आतड्यातले इतर जंतूही त्याच औषधाखाली निवडले गेलेले असतात.

जैवपटलावर औषधाची चाचणी करता येते. १९९९ मध्ये कॅल्गरीत ९६ खुंट्यांचे झाकण तयार झाले. खुंट्यांवर थर वाढवायचा, तो औषधात बुडवायचा आणि काय जगते ते पाहायचे. एमआयसीच्या दहापट ते हजारपट औषध लागते, असा आकडा त्यातून येतो. रक्तात ती पातळी आणायची म्हटली तर जंतूच्या आधी मूत्रपिंड जाईल. पण कुठल्या आकड्याला रुग्ण बरा होतो याच्या सर्वमान्य मर्यादा अजून ठरलेल्या नाहीत. म्हणून रोजच्या रिपोर्टमध्ये हा आकडा नसतो आणि तो मागूही नये. त्यापेक्षा नमुना कुठून घेतला हे नीट लिहून पाठवलेला फॉर्म कितीतरी उपयोगाचा.

लघवीच्या नळीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त औषध वाया जाते ते इथे. नळी असताना दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. महिन्याच्या शेवटी जवळजवळ सगळ्यांच्याच येतात. म्हणजे महिनाभर नळी असलेल्या माणसाच्या कल्चरमध्ये जंतू निघाला, तर त्यातून नळीचे वय कळते, आजार कळत नाही. लघवी गढूळ दिसणे, वास येणे, ‘पस सेल्स’ (पूपेशी) वाढणे यांवरून इथे काही ठरत नाही. रबराची वस्तू मूत्राशयात असली की पस सेल्स येतातच. ताप, हुडहुडी, कमरेच्या बाजूला दुखणे किंवा दुसरे कारण न सापडणारी नवी गुंगी-भ्रम असेल तरच उपचाराचा विचार करायचा. गरोदरपण आणि रक्तस्राव होईल अशी मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे मुख्य अपवाद. लक्षण नसताना कल्चर पाठवूच नये. पाठवले की जंतू येणार, जंतू आला की औषध लिहिले जाणार.

लक्षणे असतील तर नमुना कसा घ्यायचा, यावर सगळे अवलंबून आहे. पिशवीतली लघवी तासन्‌तास उबेला पडलेली असते. तिचे कल्चर म्हणजे पिशवीचे कल्चर. नळी आणि पिशवीचा जोड उघडून घेणेही चूक, कारण बंद असलेली व्यवस्था तिथे उघडते. नळीला नमुन्यासाठी वेगळे तोंड असते. त्याच्या खाली दहा-पंधरा मिनिटे क्लॅम्प लावायचा, तोंड स्पिरिटने घासून वाळू द्यायचे, निर्जंतुक सिरिंजने लघवी ओढायची आणि क्लॅम्प आठवणीने काढायचा. नमुना एक-दोन तासांत पोचणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायचा, नाहीतर वाटेतच आकडा शंभरपट होतो.

नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि अजून हवीच असेल, तर आधी नळी बदलायची, नव्या नळीतून नमुना घ्यायचा आणि मगच औषधाचा पहिला डोस द्यायचा. हा क्रम उलटला की फसगत ठरलेली. जुन्या नळीतून आलेली लघवी आतल्या थराला खरवडत येते, रिपोर्टमध्ये तीन-चार जंतू निघतात आणि त्यांतला मूत्राशयातला कोण, नळीतला पाहुणा कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. मग चौघांनाही पुरेल असे रुंद पल्ल्याचे औषध दिले जाते. नळी बदलली तर निम्मे जंतू तिच्याबरोबर कचऱ्यात जातात आणि ताप लवकर उतरतो. असा लगेच प्रतिसाद मिळाला तर बहुधा ७ दिवसांचे औषध पुरते.

नळी पुन्हापुन्हा तुंबत असेल तर प्रोटियस मिराबिलिसचा संशय घ्यावा. हा जंतू युरिएज नावाच्या विकराने युरिया फोडतो, अमोनिया होतो, लघवी अल्कधर्मी बनते, आणि मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेट व कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक थरात अडकतात. काढलेली नळी उभी चिरून बोट फिरवले की वाळूसारखी खरखर लागते, टोकाचे भोक तर कधीकधी पूर्ण बुजलेले असते. वाट बंद झाल्याने लघवी नळीच्या बाजूने झिरपते. ‘नळी लहान पडली’ असा समज करून मोठ्या मापाची घालतात. त्याने मूत्रमार्ग दुखावतो आणि ती नळीही आठवड्यात तुंबते. इथे मूत्राशयात खडा आहे का ते बघावे लागते, कारण खड्याच्या आत तोच जंतू घर करून असतो. प्रतिजैविकाने मूत्राशय धुण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. थर तसाच राहतो, आणि वर जोड उघडल्याचा धोका.

सेंट्रल लाइनचे गणित वेगळे. पहिल्या आठ-दहा दिवसांत जंतू बहुतेक त्वचेवरून, नळीच्या बाहेरच्या अंगाने आत सरकतात. पुढे ते नळीच्या तोंडातून, म्हणजे हबमधून, आतल्या पोकळीत जातात. म्हणून घालताना त्वचेला स्पिरिटमधले क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावून ते पूर्ण वाळू द्यायचे, आणि नंतर प्रत्येक वेळी इंजेक्शनआधी हब स्पिरिटने १५ सेकंद घासून वाळू द्यायचा. यात नुसते पुसणे आणि घासणे यांत फरक आहे, आणि घाईत गाळली जाते ती वाळू देण्याची पायरी. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगनमधल्या अतिदक्षता विभागांच्या अभ्यासात हात धुणे, पूर्ण आच्छादन, क्लोरहेक्सिडीन, मांडीची शीर टाळणे आणि नको असलेली लाइन काढणे, एवढ्या पाच गोष्टी काटेकोर केल्या. हजार लाइन-दिवसांमागे संसर्गाचा मध्यक २.७ वरून शून्यावर आला. त्यात एकही नवे औषध नव्हते.

ताप लाइनमुळेच आहे का, हे ती न काढताही कळू शकते. एकाच वेळी लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून कल्चरच्या दोन बाटल्यांत रक्त घ्यायचे. लाइनची बाटली दुसरीपेक्षा किमान १२० मिनिटे आधी पॉझिटिव्ह झाली तर उगम लाइनमध्ये. अट एवढीच की दोन्ही बाटल्यांत रक्त सारखे हवे आणि दोन्ही एकदमच यंत्रात जायला हव्यात. एकीत १० आणि दुसरीत ३ मिलिलिटर रक्त असेल, तर तो वेळेचा फरक रक्ताच्या मापाचा असतो. काढलेल्या लाइनच्या टोकाचे कल्चर करायचेच तर ५ सेंटिमीटरचा तुकडा प्लेटवर लोळवतात आणि १५ किंवा अधिक वसाहती अर्थपूर्ण धरतात. पण काढलेल्या प्रत्येक लाइनचे टोक सवयीने पाठवण्यात हशील नाही.

लाइन वाचवण्यासाठी ‘लॉक’ असतो: एमआयसीच्या १०० ते १००० पट तीव्र औषध नळीच्या पोकळीत मावेल एवढेच, दोन-तीन मिलिलिटर, भरून तासन्‌तास ठेवायचे. रक्तात जी पातळी आणणे अशक्य, ती नळीत शक्य असते. तरी तो फक्त जुन्या लाइनला शोभतो, कारण नव्या लाइनचा थर बाहेरच्या अंगाला असतो आणि आत भरलेले औषध तिथे पोचत नाही. काही औषधे हेपॅरिनमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या औषधात) मिसळली की साका धरतो. भरण्याआधी सिरिंज उजेडात धरून बघावी. आणि रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा कँडिडा ही बुरशी असेल तर लॉकच्या नादी न लागता लाइन काढावी. जंतू हृदयाच्या झडपेपर्यंत जाण्याची वाट बघण्यात कसली काटकसर?

परकी वस्तू शरीराचा तोल किती ढळवते, हे एलेक आणि कोनेन यांनी १९५७ मध्ये दाखवले. त्वचेत पू होण्यासाठी काही दशलक्ष स्टॅफिलोकॉकस टोचावे लागत; रेशमी टाका असला की काहीशे पुरत. कृत्रिम सांधा म्हणजे या टाक्याची मोठी आवृत्ती. तिथे थर कोवळा असतानाच हात घालावा लागतो: शस्त्रक्रियेनंतर साधारण ३० दिवसांच्या आत किंवा लक्षणे तीन आठवड्यांहून जुनी नसताना. सांधा पक्का असेल आणि त्वचेवर वाहते छिद्र नसेल, तर खराब ऊती खरवडून, धुऊन, मधला प्लास्टिकचा भाग बदलून तोच सांधा ठेवता येतो. त्यानंतर उशीर झाला तर सांधा काढूनच बदलावा लागतो, आणि महिनोन्‌महिने गोळ्या देत राहिल्याने ती वेळ फक्त पुढे ढकलली जाते.

स्टॅफिलोकॉकसच्या थरावर रिफॅम्पिसिन खरोखर चालते. १९९८ च्या एका छोट्या चाचणीत उपचार पूर्ण केलेल्यांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर रिफॅम्पिसिन घेतलेले १२ पैकी १२ बरे झाले, नुसत्या सिप्रोफ्लॉक्सासिनवर १२ पैकी ७. पण हे औषध एकट्याने द्यायचे नाही. एका जनुकातला एकच बदल जंतूला पुरतो आणि औषध कायमचे हातचे जाते. सांधा धुण्याआधी, जंतूंची संख्या प्रचंड असताना किंवा जखम अजून वाहत असतानाही सुरू करायचे नाही, कारण तो एक बदललेला जंतू नेमका त्या गर्दीत असतो.

निदानात जास्त घोटाळा होतो तो आधी दिलेल्या औषधाने. रुग्ण स्थिर असेल तर नमुन्याआधी दोन आठवडे प्रतिजैविक बंद ठेवावे. छिद्रावरचा बोळा पाठवू नये, त्यावर त्वचेचेच जंतू येतात. पाच-सहा ठिकाणच्या ऊती, प्रत्येक वेगळ्या हत्याराने आणि वेगळ्या डबीत पाठवाव्यात. दोन नमुन्यांत एकच जंतू आला तर तो खरा. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा त्वचेवरचा जंतू सावकाश वाढतो, म्हणून प्लेट पाचव्या दिवशी फेकू नयेत, १४ दिवस ठेवाव्यात. काढलेला सांधा निर्जंतुक डब्यात द्रवात बुडवून ध्वनिलहरींनी थर सुटा करता येतो. २००७ च्या अभ्यासात अशा द्रवाने ७८.५ टक्के संसर्ग पकडले, ऊतींनी ६०.८ टक्के. शस्त्रक्रियेआधीच्या १४ दिवसांत औषध घेतलेल्यांमध्ये तफावत आणखी रुंद होती: ७५ आणि ४५.

पेसमेकरच्या खिशाला संसर्ग झाला तर यंत्र आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात, आणि सुजलेल्या खिशात सुई घालून ‘जरा पाणी काढून’ बघू नये. सुई स्वच्छ खिशातही जंतू नेते. चांदीचे किंवा औषधाचे लेप दिलेल्या नळ्यांच्या जाहिराती वाचताना एवढे विचारावे: चाचणी तरंगत्या जंतूवर केली की चिकटलेल्या? लेपावर प्रथिने बसली की तो झाकला जातो आणि औषध झिरपून संपते. काही लेप ठरावीक दिवस, ठरावीक जागी उपयोगी आहेत. कायमचे अभय देणारा एकही नाही.

एंडोस्कोपबद्दलही, म्हणजे शरीरात घालून आत बघायच्या दुर्बिणीबद्दलही, लिहायला हवे, कारण तिथे थर एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो. तपासणी संपताच, खोलीतच, दुर्बीण पुसून तिच्या मार्गातून डिटर्जंटचे पाणी ओढायचे. तासाभरात तिची धुलाई सुरू झाली पाहिजे, प्रत्येक मार्गातून ब्रश घाण निघेपर्यंत फिरला पाहिजे. नीट न घासता २ टक्के ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवली तर वाळलेली प्रथिने निघण्याऐवजी आतल्या भिंतीवर पक्की चिकटतात, कातडे कमावल्यासारखी. मग त्यांच्याखालचे जंतू दर धुलाईत सुरक्षित. शेवटी किमान १० मिनिटे दाबाची हवा सोडून वाळवायची. ओली दुर्बीण कपाटात टांगली की रात्रभरात थर पुन्हा वाढतो.

आपल्याकडे विनंती एवढीच की ‘सुपरबगने बळी’ अशा मथळ्याची बातमी हाती आली, तर वार्ताहराने तीन प्रश्न विचारून घ्यावेत: शरीरात नळी किंवा इंप्लांट होते का आणि किती दिवस, नमुना नेमका कुठून घेतला होता, आणि ती वस्तू काढली की तशीच ठेवून औषधे बदलत गेली. आरोग्य पुरवणीत नेहमी येणाऱ्या ‘अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा’ या चौकटीतही जागा असल्यास एक ओळ वाढवावी: घरी रुग्णाला नळी असेल तर ती घातल्याची तारीख पिशवीवर लिहून ठेवा, आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना विचारा, ‘ही अजून लागते का?’

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील एक वाचक